विमानतळावरची बैठक

जेट विमानाचा वेग ताशी आठ-नऊशे किलोमीटर असतो, असं पुस्तकांत छापलेलं आहे. पुण्याच्या माणसाने तो एकदा स्वतःच्या घरापासून मोजून पाहावा. विमान मुंबईहून रात्री दोनला. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी हजर राहायचं, म्हणजे अकरा. गाडीला चार तास, म्हणजे सातला निघायचं. पण घाटात कंटेनर आडवा झाला तर? दोन तास हातचे धरा. वाशीच्या पुढे तुंबलं तर? आणखी एक. असं करत दुपारी चारला गाडी दारातून हलते. नेमका त्याच दिवशी घाट मोकळा असतो, टोलनाक्यावर चिटपाखरू नसतं आणि साडेसातला मंडळी सहारला विमानतळाच्या दारात उभी. लंडन नऊ तासांवर आहे, पण लंडनच्या विमानात बसायलाच दहा तास लागतात.

यातले साडेसहा तास माणूस नेमका कशावर काढतो, याचा विचार विमानतळ बांधणाऱ्यांनी कमी आणि विमानतळाचं उद्घाटन करणाऱ्यांनी त्याहून कमी केलेला आहे. उद्घाटनाच्या बातम्यांत नेहमी छत असतं. मुंबईच्या टी-२ चं छत मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेलं. नवी मुंबईचं, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेलं, कमळाच्या आकाराचं. आराखडा झाहा हदीद यांच्या वास्तुसंस्थेचा. बेंगळुरूच्या टी-२ मध्ये छताला बांबू आणि वरून लोंबणाऱ्या बागा. सगळंच देखणं आहे, वाद नाही. पण छताशी प्रवाशाचा संबंध मान वर करून ‘वा’ म्हणण्यापुरता. खुर्चीशी त्याचा संबंध याहून दीर्घ, याहून निकटचा आणि उत्तररात्री बराचसा दुःखाचा असतो. कमळाचे देठ किती टनांचे हे वर्तमानपत्रात येतं, खुर्चीला पाठ टेकते का, हे कोणी छापत नाही.

ही खुर्ची जरा जवळून पाहू. एका आडव्या तुळईवर तीन, चार किंवा पाच बैठका ओळीने बसवलेल्या. पाय दोनच, तेही जमिनीत बोल्ट ठोकून पक्के केलेले. बैठक रेक्झिनची, नाहीतर भोकाभोकांच्या स्टीलची. हे स्टील वातानुकूलनाशी संगनमत करून मे महिन्यातही महाबळेश्वरचा डिसेंबर देतं आणि तासाभराने उठलेल्या माणसाच्या मांडीवर आपली नक्षी उमटवून ठेवतं. दर दोन बैठकांच्या मध्ये एक हात. तीन खुर्च्यांना हात चार आणि बसणाऱ्यांची कोपरं सहा. टोकाच्या दोघांना एक-एक हात हक्काचा. मधल्याच्या वाट्याला दोन्हीकडून अर्धा-अर्धा, म्हणजे व्यवहारात शून्य, कारण टोकाच्या माणसाला आपला हक्क कुठे संपतो हे ठाऊक नसतं.

या हाताचा खरा स्वभाव कळतो रात्री साडेबारानंतर. सहारचं कोणतंही गेट घ्या. मुलीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेलं एखादं जोडपं तिथे हमखास असतं. काकूंच्या पायाशी डिंकाच्या लाडवांची पिशवी आणि काका पेंगुळलेले.

“अहो, जरा आडवे व्हा ना. रक्तदाबाची गोळी घेतलीत मघाशी.”

“कुठे आडवा होऊ? दर दोन फुटांवर दांडा आहे.”

“मग तिरके व्हा.”

काका तिरके होतात. आधी पाय हाताखालून पलीकडे सरकवतात, गुडघ्यापर्यंत काम सुरळीत होतं, मग मात्र प्रगती थांबते. पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. समोर बसलेला सॅकवाला मुलगा हे बराच वेळ पाहत असतो. तो कानातलं काढतो आणि अनुभवी स्वरात म्हणतो, “काका, आधी डोकं आणि खांदे घालायचे. पाय शेवटी.” त्याच्या सांगण्याप्रमाणे काका बाहेर येऊन पुन्हा आत जातात आणि दोन हातांच्या खालून, पोटापाशी एक आणि घोट्यापाशी एक, असे एकदाचे निजतात. काकू मुलाला विचारतात, “कुठला रे तू?” मुलगा सांगलीचा निघतो. लाडू बाहेर येतो.

लाडवाचा भाग सोडला तर जगातल्या कोणत्याही विमानतळावर रात्री हाच कार्यक्रम चालू असतो. त्यामुळे ही खुर्ची कुणाच्या डोक्यातून निघाली, हे पाहणं भाग आहे.

ती निघाली दोन अत्यंत सभ्य आणि प्रतिभावान डोक्यांतून. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दांपत्य विसाव्या शतकातल्या सर्वांत नामांकित अभिकल्पकांपैकी. एरो सारिनेन हा वास्तुरचनाकार त्यांचा जुना मित्र. तो वॉशिंग्टनजवळचा डलेस विमानतळ उभारत होता. प्रवाशांनी चालूच नये, अशी त्याची कल्पना. प्रतीक्षागृहालाच चाकं लावायची, माणसं आत बसलेली असतानाच ते हाकत विमानापर्यंत न्यायचं. ही कल्पना लोकांच्या गळी उतरवायला ईम्स दांपत्याने १९५८ मध्ये एक छोटा चित्रपटही करून दिला. सारिनेन १९६१ मध्ये वारला, विमानतळ पुढच्या वर्षी सुरू झाला, आणि त्याच १९६२ मध्ये ईम्सच्या ‘टँडम स्लिंग’ खुर्च्या डलेस आणि शिकागोच्या ओ’हेअर विमानतळांवर दाखल झाल्या. चाकांवरची प्रतीक्षागृहं जगाने फारशी उचलली नाहीत. खुर्ची मात्र उचलली, ती आजतागायत खाली ठेवलेली नाही.

त्या खुर्चीत अक्कल किती खर्ची पडली होती, हे तिच्या नकला पाहून कळणार नाही. ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात ताणून बसवलेली काळी गादी. गादीला शिवण नाही. थर उष्णतेने एकमेकांना चिकटवलेले, म्हणजे उसवायचा प्रश्न नाही आणि टाक्यांच्या फटीत बिस्किटाचा चुरा साठायचाही प्रश्न नाही. गादी फाटलीच तर तेवढीच काढून नवी बसवायची. पाय कमी, म्हणजे खालून झाडू सरळ फिरतो. ओ’हेअरसारख्या गर्दीच्या ठिकाणी जुन्या खुर्च्या अनेक वर्षं टिकल्या त्या यामुळे. शिवाय ती खरोखरच आरामशीर होती: पाठ किंचित कललेली, बैठक किंचित झोळणारी. नंतरच्यांनी तिच्यातला हात, तुळई आणि बोल्ट घेतले. झोळ तेवढा राहून गेला.

याच ईम्स दांपत्याला भारत सरकारने १९५८ मध्ये बोलावलं होतं. देशभर हिंडून त्यांनी जो अहवाल दिला, त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी भारतातल्या सर्व वस्तूंमध्ये सर्वश्रेष्ठ ठरवलं ते तांब्या-पितळेच्या लोट्याला. लोटा कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, रिकामा आणि भरलेला कसा वागतो, ओतताना धार कशी पडते, असे प्रश्न त्यांनी त्याला विचारले. लोटा कुणा एकाने नव्हे, पिढ्यानपिढ्यांनी मिळून घडवला, असा त्यांचा मुद्दा. पाहुणे आणखी थोडे थांबले असते, तर आपल्याकडची ओटी-पडवीवरची बैठकही त्यांच्या नजरेतून सुटली नसती. मग विमानतळांचं काय झालं असतं, याचा विचार करायला साडेसहा तास पुरतात.

तर खुर्चीला प्रश्न विचारायचे. ती कुणासाठी आहे?

झाडणाऱ्यासाठी तर ती आहेच. सुरक्षा रक्षकांसाठी आहे: खाली काही लपवता येत नाही, उचलून कुणाच्या डोक्यात घालता येत नाही. आग लागली तर पटकन पेटू नये, ही अग्निशमनवाल्यांची अट. खरेदी विभागाला ती दहा वर्षं टिकायला हवी. वास्तुरचनाकाराला ती फोटोत एका ओळीत यायला हवी. या सगळ्यांच्या कसोट्यांना ती शंभर टक्के उतरते. म्हणून ती वाईट खुर्ची आहे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिच्या गिऱ्हाइकांच्या यादीत बसणाऱ्याचं नाव फार खाली आहे, इतकंच.

आणि यादीत सर्वांत वर दुकानदार आहे, असा संशय पन्नास वर्षांपूर्वीच व्यक्त झालेला आहे. रॉबर्ट सॉमर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. १९६९ च्या आपल्या ‘पर्सनल स्पेस’ या पुस्तकात त्यांनी विमानतळावरच्या खुर्च्यांवर नेमकं बोट ठेवलं: नाट्यगृहासारख्या ओळी, नाहीतर पाठीला पाठ. शेजारी बसलेल्या दोघांना नीट बोलता येऊ नये, अशीच मांडणी. यामागचा हेतू त्यांच्या मते सरळ होता: माणसाने तिथून वैतागून उठावं आणि उपाहारगृहात, बारमध्ये, दुकानात जाऊन पैसे खर्च करावेत. सॉमर हवेत बोलत नव्हते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका रुग्णालयात वृद्ध स्त्रियांच्या कक्षात त्यांनी प्रयोग केला होता. नुकतीच नव्याने सजवलेली चकचकीत खोली, भिंतीला लागून खुर्च्यांच्या ओळी, आणि बायका गप्प. सॉमर आणि सहकाऱ्यांनी खुर्च्या छोट्या टेबलांभोवती मांडल्या. पहिल्यांदा बायकांनीच खुर्च्या उचलून पुन्हा भिंतीला लावल्या. शिस्त ती शिस्त. काही आठवड्यांनी मात्र गप्पा जवळजवळ दुप्पट झाल्या.

विमानतळाच्या जमाखर्चात डोकावलं, तर सॉमर यांचा संशय फार खोटा वाटत नाही. जगभरातल्या विमानतळांचं ढोबळमानाने एक तृतीयांश ते ४० टक्के उत्पन्न विमानांतून येत नाही. ते येतं दुकानं, खानपान, पार्किंग आणि जाहिरातींतून. आपल्याकडे २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने तर हिशेबच बांधून दिला: विमानतळाच्या अशा इतर उत्पन्नातले ३० टक्के विमानसेवेच्या शुल्काचा भार हलका करायला वापरायचे. म्हणजे गेटवरच्या दुकानात अडीचशे रुपयांना सँडविच घेणारा माणूस विमानाच्या उतरणावळीला हातभार लावत असतो. हे त्याला कुणी नीट समजावून सांगितलं, तर तो निदान अभिमानाने तरी खाईल. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर सरकारने स्वस्त उपाहारगृह काढून दहा रुपयांत चहा द्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना झालेला आनंद विमान वेळेवर सुटल्याच्या आनंदाइतका होता.

आता खुर्च्या मुळात असतात किती? ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची विमानतळ-आखणीची पोथी आहे. तिच्या हिशेबी गेटवर जमलेल्या प्रवाशांपैकी ५० ते ७० टक्क्यांना बसायला मिळालं, की व्यवस्था उत्तम. बसलेल्या माणसाला साधारण दीड ते १.७ चौरस मीटर जागा द्यायची, उभ्याला एक ते १.२. उभा माणूस अर्धा चौरस मीटर स्वस्त पडतो. १८० जणांच्या विमानाला, पोथीनुसार सगळं चोख असेल तर ९० ते १२६ खुर्च्या. पोथीत नसलेली एकच गोष्ट म्हणजे सॅक. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या वंशजांनी विमानतळावर रुमालाच्या जागी सॅक आणली आहे. माणूस एक, खुर्च्या दोन. शेजारची रिकामी खुर्ची पाहून कुणी “कोणी आहे का इथे?” असं विचारलंच, तर सॅकचा मालक आधी सॅककडे पाहतो, जणू तिचीच संमती हवी. करोनाच्या काळात एकाआड एक खुर्चीवर फुल्या मारल्या होत्या. तो सॅकचा सुवर्णकाळ.

सगळ्या खुर्च्या सारख्या असल्या, तरी त्यांची किंमत सारखी नसते. हल्ली ती ठरते प्लगच्या अंतरावरून. भिंतीतल्या एका सॉकेटपासून वायर पोचेल त्या परिघात माणसं खांबाला टेकून, भिंतीला चिकटून, फरशीवर मांडी घालून बसलेली असतात आणि दहा पावलांवर रिकाम्या खुर्च्यांची रांग असते. नव्या खुर्च्यांना हाताखाली पिन बसवलेली असते खरी, पण तिच्यात चार्जर घातला की तो सुटून खाली पडतो, कारण आधीच्या हजार जणांनी तो तसाच ओढून काढलेला असतो. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियासह काही विमानतळांवर साधारण २०१२ पासून खानपानवाल्या एका कंपनीने वेगळा मार्ग काढला: गेटवर टेबलं आणि स्टुलं मांडली, प्रत्येकापुढे एक आयपॅड आणि सॉकेट ठेवलं. बसा फुकट. भूक लागली तर पडद्यावर बोट लावा, जेवण जागेवर येईल. माणसाला हुसकावल्याशिवायही पैसे मिळतात, हा शोध दुकानदारीच्या इतिहासात तसा उशिराच लागला.

भारतात मात्र बसण्याचा प्रश्न क्रेडिट कार्डाने सोडवला आहे. म्हणजे लाउंज. कार्ड यंत्रावर घासलं की अनेकदा दोन रुपये कापले जातात आणि आत सोफा, उपमा आणि चहा. ही बातमी बँकांनी एकेकाळी कानात सांगितली होती, आता ती सर्वांच्या कानात गेली आहे. परिणामी मऊ सोफ्यावर बसायला मिळावं म्हणून लोक लाउंजबाहेर अर्धा-पाऊण तास उभे असतात. ज्या कडक खुर्चीचा इतका राग, ती समोर रिकामी पडलेली. रांगेतल्या बाईंच्या मैत्रिणीने आठवण करून दिलीच, “बस ना जरा तिथे, पाय दुखतोय म्हणालीस.” बाई म्हणतात, “छे, नंबर जाईल.”

मसाजच्या खुर्च्यांचा उल्लेख टाळता येणार नाही. विमानतळावरची ती सर्वांत मऊ खुर्ची, आणि पैसे न टाकता तिच्यात बसलेल्या माणसांची तिथे कधीच वानवा नसते. यंत्र अधूनमधून सौजन्याने सांगत राहतं की, सेवा सुरू करण्यासाठी पैसे भरा. बसलेला माणूस त्याहून अधिक सौजन्याने न ऐकल्याचं दाखवतो.

झोपेचा विषय यापेक्षा गंभीर आहे. मेहरान करीमी नासेरी हा इराणी गृहस्थ कागदपत्रांच्या भानगडीत पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर अडकला आणि १९८८ ते २००६ अशी अठरा वर्षं पहिल्या टर्मिनलमधल्या एका लाल बाकावर राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा अंत झाला तोही त्याच विमानतळावर. त्याआधी काही आठवडे तो आपण होऊन परत तिथे राहायला आला होता. स्पीलबर्गच्या २००४ च्या ‘द टर्मिनल’ला त्याच्याच कहाणीचा आधार. चित्रपटात टॉम हँक्स झोपण्यासाठी काय करतो? गेटवरच्या खुर्च्यांची ओळ मोडून तिचा पलंग करतो. अभिकल्पाची इतकी रोखठोक समीक्षा दुसऱ्या कुठल्या चित्रपटात आलेली नसेल.

सिंगापूरच्या चांगी विमानतळाने हे काम नायकावर सोडलेलं नाही. तिथे पाय लांब करून पडता येईल अशा आरामखुर्च्यांचे कोपरे आहेत, दिवे मंद, आणि तेही फुकट. तरी दुकानं ओस पडलेली नाहीत. उलट चांगीवर खरेदीसाठी मुद्दाम जाणारे सिंगापूरकर आहेत. झोपून उठलेला माणूस जास्त खरेदी करतो, हे तत्त्व त्यांना कळलेलं दिसतं. अबुधाबीने २०१३ मध्ये फिनलंडच्या एका कंपनीच्या झोपायच्या खुर्च्या आणल्या, वरून झाकण ओढून घेता येईल अशा, तासावर भाड्याने. आपल्याकडे कोची विमानतळाने २०२४ मध्ये ‘०४८४’ नावाचं प्रतीक्षालय काढलं. एर्नाकुलमचा एसटीडी कोड हेच नाव. तासांच्या हिशेबाने खोली मिळते, आणि मुख्य म्हणजे ते सुरक्षा तपासणीच्या बाहेर आहे, त्यामुळे सोडायला आलेल्या काका-मामांनाही पाठ टेकता येते. रेल्वेने तर २०२१ मध्येच मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेल उघडलं. विमानवाल्यांनी रेल्वेकडून काही शिकायचं, ही कल्पना पचायला जरा वेळ लागेल.

नियमही झोपेच्या बाबतीत मजेदार आहेत. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर कंपनीने हॉटेलची सोय करायची. म्हणजे पाच तास पंचावन्न मिनिटं हा खुर्चीचा प्रांत. विलंबाचे आकडे पाच-साडेपाच तासांच्या आसपास का रेंगाळतात, याचं कोडं ज्याने-त्याने सोडवावं.

आणि खुर्ची पुरेनाशी झाली, की भारतीय माणूस आपल्या मूळ आसनावर परत येतो. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं एक विमान धुक्यामुळे मुंबईत उतरवलं गेलं. कित्येक तास ताटकळलेले प्रवासी विमानातून उतरून थेट तिथेच, विमानं उभी राहतात त्या टार्मॅकवर, फतकल मारून बसले आणि जेवले. मागे विमान, पुढे ताटल्या, काहींचं गोल रिंगण. ते दृश्य देशभर फिरलं. कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, विमानतळालाही झाला. सुरक्षेच्या दृष्टीने प्रकार भयंकर होता, यात शंका नाही. पण सॉमर यांनी त्या रुग्णालयात खुर्च्या हलवून जे साधलं, ते त्या प्रवाशांनी खुर्च्यांवाचून अर्ध्या मिनिटात साधलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची रोज शेकडो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा पथाऱ्यांचा हा प्रयोग राष्ट्रीय पातळीवर झाला. कारण होतं वैमानिकांना पुरेशी विश्रांती देण्याचे नवे नियम आणि कंपनीची अपुरी तयारी. वैमानिकांना झोप मिळावी म्हणून प्रवासी जागे राहिले.

मग चांगली बैठक कशी असावी? नुसता हात काढून टाका, असं झोपाळू मंडळी म्हणतील. पण सहारच्या त्या काकांना विचारा. ज्या हाताने त्यांना साडेबाराला झोपू दिलं नाही, त्याच हातावर रेलून ते सव्वाला उठले. दोन्ही गुडघे संपावर होते. वयस्कर माणसाला उंच बैठक आणि भक्कम हात लागतातच. लहान मूल घेऊन निघालेल्या बाईला एका मोकळ्या बाकाची गरज असते, लॅपटॉपवाल्याला टेबलाची, चार जणांच्या कुटुंबाला समोरासमोर बसायची, आणि पहाटे चारला उतरून सहाचं विमान पकडणाऱ्याला आडवं पडायची. ही पाच माणसं एका साच्यातल्या खुर्चीत बसवायची, हाच मूळ घोटाळा. वीस खुर्च्यांत दोन ओळी बिनहाताच्या आणि एखादा हातभर उंचीचा लाकडी चौथरा, चटई घातलेला, भिंतीला लागून, एवढं केलं तरी पुष्कळ होईल. चौथऱ्यावर मांडी घालता येते, पाय सोडता येतात, पोर निजवता येतं आणि डबा उघडता येतो. बोल्टही लागत नाहीत. बेंगळुरूत भिंती-छतांवर वेताची कलाकुसर परवडते, तर चौथरा का परवडू नये?

असं काही अधिकृतपणे व्हायला किती वेळ लागेल सांगता येत नाही, कारण खुर्चीच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी सुधारणा अपघाताने झालेली आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट नावाचा विमानतळ आहे. १९९७ मध्ये तिथे दक्षिणेतल्या घरांच्या ओसऱ्यांवर एक छायाचित्र-प्रदर्शन भरलं. वातावरणनिर्मितीसाठी पांढऱ्या लाकडी झुलत्या खुर्च्या मांडल्या होत्या. प्रदर्शन संपलं, चित्रं गेली, खुर्च्याही गेल्या. आणि चित्रांबद्दल एक अक्षर न काढता प्रवाशांनी खुर्च्यांची मागणी केली. त्या परत आणाव्या लागल्या, आज शंभरहून अधिक आहेत. पुढे इतर अनेक अमेरिकी विमानतळांनी त्यांचं अनुकरण केलं. प्रत्येक खुर्चीला स्वतःचे दोन हात, जमिनीत बोल्ट नाही, काचेपलीकडे विमानं.

आपल्या बाजूला झुलती खुर्ची मागवायची गरज नाही. कोकणात आणि गोव्यात ओटीवर झोपाळा होताच. मोपाच्या किंवा चिपीच्या विमानतळावर काचेसमोर पितळी कड्यांचे चार झोपाळे टांगावेत, ही सूचना कुणी तरी रीतसर करावी. फाइल अर्थातच फिरेल. सुरक्षा विभाग विचारेल, कड्या तपासणीतून कशा न्यायच्या. अग्निशमन विभाग विचारेल, सागवान कोणत्या प्रतीचं. वाणिज्य विभाग विचारेल, झोका घेणारा माणूस पर्फ्यूम केव्हा घेणार. आणि शेवटी कुणीतरी हुशार अधिकारी समासात शेरा मारेल की, सदर आसन प्रवाशासह जमीन सोडून वर जाते व पुन्हा खाली येते, सबब हा विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतो. अर्जदाराने प्रथम उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र सादर करावं.